उत्तर : टीव्हीवरची ती सिंथेसायझरची धून आणि श्रेयनामावलीचा चकवा

टीव्हीवर ऐकलेली सिंथेसायझरची (इलेक्ट्रॉनिक वाद्याची) धून कोणाची ते कसं शोधायचं, हा तुमचा प्रश्न वाचला आणि माझंच जुनं दुखणं कुणीतरी लिहून काढलंय असं वाटलं. लहानपणी टीव्हीवरच्या विज्ञानाच्या कार्यक्रमात मधेच वाजणारी संथ, उतरत जाणारी चाल, मागे बुडबुड्यांसारखा सतत चालणारा आवाज, टीव्हीसमोर रेकॉर्डर धरून घेतलेला वीसेक सेकंदांचा तुकडा आणि त्यावरही निवेदकाची बडबड. सिंथेसायझरवाल्या जाँ-मिशेल जारचा 'ऑक्सिजेन' अल्बम पालथा घालून झाला आणि गाणं ओळखणारं ॲप 'सापडलं नाही' यापलीकडे काही बोलत नाही. माझी धून वेगळी होती, पण बाकी सगळं अगदी हेच.

ॲप, व्हिडिओंखालच्या कॉमेंट, 'बेस्ट ऑफ सिंथ' छाप याद्या हे सगळं तुम्ही केलेलंच दिसतंय, त्यामुळे ते सोडतो. आधीच सांगतो, मी संगीततज्ज्ञ नाही, मला एक वाद्य धड वाजवता येत नाही. खाली लिहिलंय ते ठेचा खाऊन शिकलेलं आहे, जाणकारांनी खुशाल दुरुस्त करावं.

माझा सर्वात जास्त वेळ खाल्ला तो कार्यक्रम दाखवणाऱ्या वाहिनीच्या अभिलेख विभागाने. नाव घेत नाही. मी व्यवस्थित लिहून विचारलं होतं : अमुक मालिका, अमुक भाग, साधारण मधल्या भागात वाजणारा तुकडा, कोणाचा? बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं, त्यात एका संगीतकाराचं नाव, पुढे 'कळावे'. 'असावे', 'बहुधा' असलं काही नाही, एकदम ठाम. मग काय, मी त्या माणसाचं मिळेल ते सगळं गोळा केलं. रेकॉर्डी, कॅसेटी, नंतर निघालेल्या सीडी. पैसे गेले ते गेले, वर त्याचं इतकं ऐकलं की माझ्या डोक्यातली मूळ चालच पुसट व्हायला लागली. पुन्हा विचारलं तर शोधशुल्क भरायला लावलं आणि तेच उत्तर नव्या तारखेने धाडलं. तिसऱ्यांदा 'नोंद उपलब्ध नाही' म्हणून वाटाण्याच्या अक्षता. नोंदच उपलब्ध नव्हती तर पहिल्यांदा नाव कुठून आणलं होतंत?

ते मला फार उशिरा उमगलं. मालिकेचा एक भाग पुन्हा बघायला मिळाला. शेवटच्या श्रेयनामावलीत संगीतकाराच्या आडनावात एका अक्षराची चूक होती. मला आलेल्या पत्रातही तीच चूक, त्याच अक्षराची. म्हणजे कुणीतरी भाग शेवटाकडे पळवला, पडद्यावरचं नाव उतरवून घेतलं आणि पाठवून दिलं. मला हवं असतं तर ते मी स्वतःच केलं असतं की!

आणि श्रेयनामावलीतलं ते नाव बऱ्याचदा फक्त शीर्षकसंगीताचं असतं. मधले तुकडे लायब्ररी म्युझिकमधून, म्हणजे कार्यक्रमांसाठी आधीच तयार करून ठेवलेल्या संगीतातून, उचललेले असतात. केपीएम, ब्रूटन, डी वुल्फ ही ते पुरवणाऱ्या कंपन्यांमधली जुनी नावं. या रेकॉर्डी दुकानात विकायला नसायच्या, निर्मात्यांकडे आणि स्टुडिओंकडे जायच्या. केपीएमची ती ठरावीक हिरवट पाकिटं बघा : प्रत्येक तुकड्यापुढे त्याची लांबी आणि 'शांत, गूढ, पाण्याखालचं' अशा धाटणीचं एका ओळीचं वर्णन. चित्रफीत संपादकाला दीड मिनिटाचं 'पाण्याखालचं' हवं असलं की त्याने तिथून घ्यावं. पडद्यावर नाव द्यायची सक्ती सहसा नसायची. माझी धून शेवटी अशाच एका रेकॉर्डवर निघाली. तिचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर तुम्ही उद्यापासून तीच ऐकत बसाल, आणि ती तुमची नाही हे तुमच्या वर्णनावरून मला स्पष्ट दिसतंय.

म्हणून कुठल्याही वाहिनीला किंवा निर्मात्याला लिहाल तेव्हा 'संगीत कोणाचं' असं विचारूच नका. 'क्यू शीट' मागा, याच शब्दात. कार्यक्रमात वाजलेल्या प्रत्येक तुकड्याचं शीर्षक, रचनाकार, प्रकाशक आणि किती सेकंद वाजला याचा तो तक्ता असतो, रॉयल्टीच्या वाटपासाठी केलेला. पैशाचा मामला असल्याने तो कागद कुणीतरी केलेला असतोच. (सगळ्या देशांत, सगळ्या काळात असतोच अशी हमी मी देत नाही.) वाहिनी नाही म्हणाली तर निर्मितीसंस्था, ती बंद पडली असेल तर संपादक. माझ्या मते संपादक सर्वात कामाचा माणूस, कारण तुकडा निवडणारा बऱ्याचदा तोच. त्याला कुणी कधी काही विचारत नाही, त्यामुळे तो भरभरून बोलतो. रचनाकाराचं नाव एकदा हाती लागलं की ॲस्कॅप आणि बीएमआय या रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थांच्या नोंदी कुणालाही ऑनलाइन शोधता येतात.

आता तुमच्या कॅसेटकडे. शॅझमसारखं ॲप विशिष्ट रेकॉर्डिंगच्या स्पेक्ट्रोग्राममधली (कोणत्या क्षणी कोणती कंप्रता वाजतेय ते दाखवणाऱ्या आलेखातली) ठळक टोकं जुळवतं, चाल ओळखत नाही. त्यामुळे गुणगुणून काही होत नाही, आणि टेपचा वेग चार टक्के जरी हलला तरी ते बऱ्याचदा चाट पडतं. जुने रेकॉर्डर तेवढे हलतातच. अर्धा स्वर म्हणजे साधारण सहा टक्के, त्यामुळे मूळ धून शेजारी नसेल तर चार टक्के आपल्या कानाला बऱ्याचदा जाणवतही नाहीत. पण तुमचा तुकडा टीव्हीसमोर घेतलाय, हे तुमचं नशीब. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीतून एक बारीक शिट्टी यायची, लहान मुलांना ऐकू येणारी. पाल या टीव्ही प्रक्षेपण पद्धतीत ६२५ रेषा गुणिले सेकंदाला २५ चौकटी, म्हणजे १५,६२५ हर्ट्झ. एनटीएससी या दुसऱ्या पद्धतीत साधारण १५,७३४. तुकडा ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये घेऊन स्पेक्ट्रोग्राम उघडा. नशीब असेल तर वर, अगदी कडेला, केसासारखी एक सरळ आडवी रेघ दिसेल. माझी १५,००० च्या आसपास होती, जिथे १५,६२५ हवी होती. म्हणजे टेप चार टक्के मंद. तेवढा वेग वाढवला आणि मगच त्या तुकड्याला काही अर्थ आला.

यासाठी टेप पहिल्यांदा लावाल तेव्हाच रेकॉर्डिंग चालू ठेवा, वेव फाईल करा, एमपीथ्री नको, आणि खरखर काढायचं बटण दाबू नका. वरच्या पट्टीतली ती रेघ सगळ्यात आधी तिथेच मरते.

दुसरं म्हणजे, आजच, आणखी काहीही ऐकायच्या आधी, आठवतं तसं गुणगुणून फोनमध्ये ठेवा. बुडबुडे वेगळे, वरची चाल वेगळी. सिंथेसायझरच्या बाबतीत आपल्याला आठवतो तो बऱ्याचदा नाद (आवाजाचा पोत), चाल नव्हे, आणि शंभर सारख्या गोष्टी ऐकल्या की दोन्हींचा काला होतो. चाल धड आठवत असेल तर डेनिस पार्सन्सची पद्धत वापरा, १९७५ ची आहे : पुढचा स्वर वर गेला, खाली आला की तसाच राहिला, एवढंच लिहायचं. म्युझिपीडिया या संकेतस्थळावर तसं शोधता येतं. तिथे भलतंच पाश्चात्त्य शास्त्रीय काही निघालं तर लगेच झटकू नका. टोमिताची १९७४ ची गाजलेली सिंथेसायझरची रेकॉर्ड अख्खी डेब्यूसी या शास्त्रीय संगीतकाराच्या रचनांची आहे आणि वेंडी कार्लोसने १९६८ मध्येच बाख मूग सिंथेसायझरवर वाजवला होता.

नादावरून काळही काढता येतो. काचेच्या घंटेसारखा टणक आवाज असेल तर यामाहा डीएक्स ७ या सिंथेसायझरचा संशय घ्या, म्हणजे १९८३ किंवा नंतर. जर्मन रेडिओवरून टेप केलेलं, कोणाचं ते कुणालाच माहीत नसलेलं इंटरनेटवरचं ते प्रसिद्ध गाणं आठवतंय? लोक २००७ पासून त्यामागे होते. डीएक्स ७ मुळे काळाची एक बाजू पक्की झाली, पण गाणं कोणाचं ते कळलं २०२४ मध्ये, आणि तेही एका जुन्या वर्तमानपत्राच्या कात्रणाच्या वाटेने. कानावर फार विसंबू नका ते यासाठीच.

नाव बरोबर आणि रेकॉर्ड चूक, असंही होतं. 'पॉपकॉर्न' हे सिंथेसायझरचं गाणं गर्शन किंग्जलीचं, १९६९ चं. गाजलं ते हॉट बटर या बँडचं, १९७२ मधलं. 'ब्लेड रनर' चित्रपट १९८२ ला आला, पण त्याचा संगीतकार व्हँजेलिसचा स्वतःचा अल्बम १९९४ ला निघाला. मधल्या काळात मिळत होती ती वाद्यवृंदाने वाजवलेली आवृत्ती. शिवाय दुसऱ्याच वादकांनी वाजवलेल्या 'सिंथेसायझर हिट्स' छाप संग्रहांचा तर सुळसुळाट होता, पाकिटावर मूळ संगीतकाराचं नाव मोठ्या अक्षरात आणि वाजवणाऱ्याचं मुंगीएवढं. माझा या संग्रहांवर जुना राग आहे, तो इथे आवरतो.

तुकडा इथे टाका, पण कच्चाच टाका. निवेदकाचा आवाज कापायच्या भानगडीत पडू नका. तो काय बोलतोय त्यावरून भाग ठरेल, आणि भाग ठरल्याशिवाय क्यू शीट मागता येत नाही.