धूर फक्त ट्रॉम्बेला हलवायचा का?

वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देताहेत, सबस्टेशनात सगळी नोकरी केलेल्या एक निवृत्त विद्युत अभियंता.

प्रश्न: आमची पेट्रोलची गाडी अकरा वर्षांची झाली. मला इलेक्ट्रिक घ्यायचीय. पण आमचे हे म्हणतात, ‘वीज कोळशाचीच. आपला धूर ट्रॉम्बे-डहाणूला नेऊन सोडायचा, एवढंच.’ खरं आहे का? गाडी आम्ही रविवारी काढतो, नाहीतर लग्नकार्याला. ऑफिसला दोघंही लोकलने जातो. (एक वाचक, मुलुंड पूर्व)

उत्तर: ताई, तुमच्या यजमानांचं अर्धं म्हणणं बरोबर आहे आणि ते झटकून टाकण्यासारखं नाही. ट्रॉम्बे आणि डहाणूच्या वीजकेंद्रांत कोळसा जळतो. खोपोलीला पाण्यावर १९१५ पासून वीज होते, पण भिवपुरी आणि भिरा जोडीला धरूनही मुंबईची भूक तेवढ्यावर भागत नाही. देशभरात चारातली जवळपास तीन युनिटं कोळशाची, आणि एका युनिटमागे सरासरी सातशे ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड.

पण पेट्रोलचाही हिशोब मांडा की! इंजिनात पेट्रोलमधली बरीचशी ऊर्जा नुसती उष्णता होऊन जाते. संध्याकाळी सात वाजता एलबीएस रोडला भांडुपजवळ काय होतं, तुम्हाला ठाऊक आहेच. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरपटायचं, उभं राहिलं तरी इंजिन घरघरतंय. तिथे लिटरला बारा किलोमीटर पडले तरी नशीब. इलेक्ट्रिकची मोटर सिग्नलला गप्प बसते, वर ब्रेक लावला की थोडी वीज बॅटरीत परत येते. (एसी मात्र चालूच असतो, तो धरा.) म्हणजे शंभर किलोमीटरला पेट्रोल साधारण आठ लिटर, लिटरला २.३ किलोच्या दराने कार्बन डायऑक्साइड अठरा किलो. इलेक्ट्रिकला चार्जिंगमधली गळती धरून सोळा युनिटं, म्हणजे अकरा किलो. वाचले सात.

आता खर्चाची बाजू. तीस युनिटांची बॅटरी बनवतानाच ढोबळमानाने दोन-तीन टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो. शंभर किलोमीटरमागे सात किलो, या दराने ते कर्ज फिटायला तीस-चाळीस हजार किलोमीटर गाडी पळायला हवी. टॅक्सीवाला ते वर्षा-दीड वर्षात फेडेल. तुमची रविवारची चक्कर आणि वर्षाची चार लग्नं यांत दहा वर्षं सहज जातील. म्हणून माझं मत, तुम्हाला आवडो न आवडो: आहे ती गाडी धडधाकट असेल तर चालवा. बदलायचीच वेळ आली तर मात्र इलेक्ट्रिक घ्या. आज नवी पेट्रोल गाडी घ्या, असं माझ्या तोंडून निघणार नाही.

वळायचं तर दिवसभर पळणाऱ्यांनी आधी वळावं: टॅक्स्या, डिलिव्हरीवाल्यांच्या स्कूटर, बेस्टच्या बस. आणि तुमच्या यजमानांना एक सांगा. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला विजेची पहिली लोकल धावली, आणि तुम्ही दोघं रोज त्याच विजेवर ऑफिसला जाता. आताच्या लोकल तर ब्रेक लावताना वीज वरच्या तारेत परत देतात, जवळपास सुटणाऱ्या दुसऱ्या गाडीला ती कामी येते. तुमच्या घरातला खरा मोठा प्रवास कधीचाच विजेवर आहे.

प्रश्न: सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, गाडी पार्किंगमधल्या दिव्यांच्या बोर्डावरून चार्ज करा, बिलाचं नंतर बघू. चालेल? (एक वाचक, गोरेगाव)

उत्तर: मुळीच नाही. बिलाचं भांडण पुढच्या एजीएममध्ये होईलच, पण त्याआधी बोर्ड जळेल. दिव्यांच्या लाइनवर गाडी सात-आठ तास सलग ओढत राहिली, की सॉकेट आधी कोमट लागतं, मग प्लगच्या कडेने प्लास्टिक तपकिरी पडतं. तो रंग दिसला की त्याच क्षणी बंद करा. मीटर रूममधून, तुमच्याच मीटरवरून, स्वतंत्र जाड तांब्याची केबल ओढून घ्या. एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच), आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा स्विच) आणि मोजून तपासलेलं अर्थिंग हवंच. लायसनवाला वायरमन बोलवा, पार्किंगच्या वॉचमनचा मेव्हणा नको. घरच्या जोडणीवरून गाडी चार्ज करायला केंद्राने जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत मुभा दिली. मंजूर भार (तुमच्या जोडणीला ठरवून दिलेली विजेची मर्यादा) पुरतो का, ते मात्र आधी वीज कंपनीकडून बघून घ्या. आणखी एक, घरचं बिल अडीचशे युनिटांचं असेल तर गाडीची दीडशे मिळवून तुम्ही तीनशेच्या वरच्या स्लॅबमध्ये जाता. सेल्समन सांगतो तो किलोमीटरचा खर्च या स्लॅबने ताडून पाहा.

प्रश्न: आम्ही हिंदमाताजवळ राहतो. दर पावसाळ्यात पाणी. इलेक्ट्रिक गाडीचं काय होईल? (एक वाचक, परळ)

उत्तर: बऱ्याच कंपन्यांची बॅटरी आयपी-६७ दर्जाची असते, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरेल अशी तपासलेली. रात्रभर बुडून राहायला ती बनवलेली नाही. बुडालेली गाडी सुरू करू नका, चार्जिंगलाही लावू नका. टो करून सर्व्हिस सेंटरला न्या आणि पाण्यात होती हे स्पष्ट सांगा. विमा घेताना बॅटरीत पाणी गेलं तर भरपाई मिळते का, ते लेखी विचारा. आणि चार्जर बसवताना भिंतीवरची पुराची जुनी खूण शोधा, तिच्या वर बसवा.