यूट्यूबवरच्या बास फिशिंगसारखं भंडाऱ्याकडच्या तलावात करायचं असेल तर रील, लाईन आणि ल्युर कोणते घ्यावे? (बजेट पाच हजार)

भाऊ, पहिले एक गोष्ट क्लिअर करून टाकतो, बास आपल्याकडे नाही. तो उत्तर अमेरिकेचा मासा. तुम्ही जे व्हिडिओ बघून राहिले त्यातले लोक त्या एका माशामागे एवढे वेडे आहेत की त्याच्यासाठी वेगळ्या बोटी, वेगळे रॉड, स्पर्धा, सगळा कारखानाच उभा आहे. त्याचा रेकॉर्ड किती, तर 22 पौंड 4 औंस, जॉर्ज पेरी नावाच्या माणसाने 1932 मध्ये जॉर्जियात धरला होता, आणि 2009 मध्ये जपानच्या बिवा तलावात मनाबू कुरिताने त्याची बरोबरी केली. म्हणजे दहा किलोच्या किंचित वर. आपल्या वैनगंगेतला शिवडा दहा किलोच्या वर गेला तरी कोणी बातमी छापत नाही, बाजारात तुकडे होऊन विकला जाते.

पण तुमचा प्रश्न चुकीचा नाही. बास जसा गवतात लपून बसते आणि समोरून काही गेलं की झडप घालते, तसाच स्वभाव आपल्या मरळचा आहे. म्हून बासचं बरंचसं सामान मरळला चालते. बरंचसं, सगळं नाही, आणि तिथंच पैसे वाया जातात. माझे गेले आहेत, म्हून सांगतो.

माझं पवनीकडे मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. शेतातले पंप जळले की लोक माझ्याकडे आणतात, दिवसभर तांब्याची तार गुंडाळायचं काम. त्यामुळे मला वाटलं रील म्हणजे काय, आपल्यासाठी खेळ. व्हिडिओ बघून ऑनलाईन बेटकास्टर मागवली, ती रॉडच्या वर बसते ती गोल रील, दिसायला एक नंबर. तलावावर गेलो, जोरात फेकली, आणि ल्युर, म्हणजे नकली आमिष, पाण्यात पडायच्या आधी रीलवर चिमणीचं घरटं तयार. बेटकास्टरमध्ये स्पूल, म्हणजे लाईन गुंडाळलेली चकरी, स्वतः फिरते नं, ल्युर हवेत मंदावला तरी स्पूल फिरतच राहते, अंगठ्याने बरोबर वेळेवर दाबलं नाही तर सगळी लाईन आतल्या आत फुगते. दोन तास पाळीवर बसून गुंता सोडवला, सोबतचे पोट्टे हसून हसून बेजार, अन् शेवटी ब्लेडने कापून फेकायची पाळी आली. जळलेली मोटर परवडली.

तुम्ही रील, लाईन, ल्युर अशा क्रमाने विचारलं. दुकानदार बी त्याच क्रमाने विकते, कारण रील महाग असते. मी उलटं सांगतो. आधी मासा, मग ल्युर, मग लाईन, आणि उरलेल्या पैशात रील.

मासा. मामा तलावात, म्हणजे आपले जुने मालगुजारी तलाव हो, रोहू-कटला-मृगळचं बीज सोडतात, पण ते ल्युरला येत नाहीत म्हणून समजा. कटला पाण्यातलं बारीक बारीक गाळून खाते, रोहू शेवाळ-गवतावर, मृगळ तळाच्या गाळात तोंड घालते. त्यांना रबराचा बेडूक दाखवून काय उपयोग, त्यांच्यासाठी कणकेचा गोळा आणि साधी गरीच बरी. ल्युरवर धावते ती मरळ, आणि नदीत किंवा गोसीखुर्दच्या मोठ्या पाण्यात शिवडा. हे दोन डोळ्यासमोर ठेवा, बाकी विसरा.

मरळचं एक लक्षात ठेवा, ती हवा घेते. दर थोड्या वेळाने वर येते, पाण्यावर हलकासा 'पुच्' असा आवाज, एक गोल वलय, बस. हे मला मच्छिमार संस्थेच्या एका म्हाताऱ्या ढिवर काकाजींनी दाखवलं. मी आपला नवीन रॉड घेऊन तलावाच्या मधोमध फेकून राहिलो होतो, जेवढं लांब जाईल तेवढा खुश. ते बिडी ओढत बघत होते. मग म्हणाले, "बापू, एवढ्या दूर कायले फेकतं? मासोळी तं तुह्या पायाखाली हाये." आणि खरंच, पाळीच्या कडेला बेशरमच्या झुडपाखाली सावली होती तिथे वलय उठलं. तिथून पाच-सहा हात पुढे बेडूक टाकला, सरकवत आणला, आणि धाडकन. माझी पहिली मरळ ती. त्या दिवसापासून लांब फेकायच्या नादात पैसे घालणं बंद.

तर ल्युर. पहिला घ्या पोकळ रबरी बेडूक, ज्याचे दोन्ही गळ पाठीवर वरच्या बाजूने चिकटून असतात. कमळाच्या पानांवरून, गवतावरून तो घसरत येते, अडकत नाही. मासा तोंडात दाबते तेव्हा रबर चेपते आणि गळ उघडे पडतात, एवढंच त्याचं यंत्र. घेताना बोटाने दाबून बघा, कडक असेल तर नका घेऊ, मरळ दाबेल तोवर सोडून देईल. गळाची टोकं नखावर घासून बघा, नखावर ओरखडा पडायला पाहिजे, घसरलं तर बोथट आहे, कारण मरळचं तोंड हाडाचं, बोथट गळ आत शिरतच नाही. रंगाचं फार मनावर घेऊ नका. एक काळा, एक पांढरा किंवा पिवळट, झालं, खालून बघणाऱ्या माशाला सावलीच दिसते. आणि झडप पडली की लगेच झटका मारायचा नाही! आपण घाबरून ओढतो आणि बेडूक हवेत उडून आपल्याच तोंडावर येते. मनात एक-दोन म्हणा, लाईन जड लागली की मग मारा.

दुसरा ल्युर घ्यायचाच असेल तर शेपटी हलणारा मऊ रबरी मासा, टोक अंगात लपवता येते अशा मोठ्या गळावर लावून. उघड्या पाण्यात तो चांगला. शिवड्यासाठी नदीत चमचा, म्हणजे स्पून, किंवा फिरत्या पात्याचा स्पिनर, डोह संपून पाणी जिथं वाहायला लागते तिथं संध्याकाळी. व्हिडिओत दिसणारे तीन-तीन तिहेरी गळवाले लाकडी-प्लास्टिकचे मासे गवताळ तलावात नकाच नेऊ, पहिल्या फेकीत कमळाच्या देठाला लग्न लावून बसतात.

एक आपल्याकडचीच अडचण, जी अमेरिकेवाले सांगणार नाहीत. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत गाडीच्या डिक्कीत रबरी ल्युर ठेवले तर ते वाकडे होतात, आणि वेगवेगळ्या कंपनीचे एकाच डब्यात ठेवले तर एकमेकांना चिकटून विरघळल्यासारखे होतात, कधी कधी डब्याचं प्लास्टिकही खाऊन टाकतात. ज्या पाकिटात आले त्यातच राहू द्या.

आता लाईन. माझ्या मते सगळा खेळ इथं आहे, आणि लोक इथंच कंजुसी करतात. तीन प्रकार मिळतील. नायलॉन म्हणजे मोनो, स्वस्त, ताणली की लांबते, पाणी पिऊन थोडी कमजोर होते, आणि उन्हात पडून राहिली की कडक होऊन गुंडाळ्या धरते. फ्लोरोकार्बन पाण्यात कमी दिसते पण बुडते, त्यामुळे वर तरंगणाऱ्या बेडकाचं नाक खाली ओढते, आपल्या कामाची नाही. तिसरी ब्रेडेड, म्हणजे वेणीसारखी विणलेली, बारीक धाग्यांची. ती जवळपास ताणतच नाही, आणि बारीक असून ताकद खूप, 40 पौंडाची ब्रेडेड साधारण 10 पौंडाच्या नायलॉनएवढीच जाड असते. गवतात लाईन ताणणारी असेल तर तुमचा झटका लाईनमध्येच जिरते, मासा गवतात शिरते आणि तुम्ही नुसते ओढत बसता. म्हून मरळला ब्रेडेडच, 30 ते 40 पौंड.

पण पाकिटावरचा आकडा आहे तसा खरा मानू नका. मी एकदा ऑनलाईन अर्ध्या किमतीत 80 पौंडाची घेतली, दोन मरळ तोडून गेल्या. मग दुकानात डोकं लावलं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या जवळपास, म्हणजे 80 पौंडाने 36 किलो उचलायला पाहिजे. बादली बांधली, मगाने पाणी टाकत गेलो, साधारण बारा लिटरला तुटली! अन् गाठीत नाही, मधूनच तुटली. तेव्हापासून नवीन लाईन आली की बादली. 30 पौंडाची असेल तर साडेतेरा किलोचा हिशोब, गाठीमुळे थोडं कमी भरते ते धरून चाला. घरचे म्हणतात हा माणूस येडा झाला, पण तलावावर तुटण्यापेक्षा अंगणात तुटलेली बरी.

गाठ एकच शिका, पालोमर. लाईन दुहेरी करून ल्युरच्या कडीतून काढायची, साधी गाठ मारायची, मग त्या फाश्यातून अख्खा ल्युर काढायचा, थुंकी लावून ओली करायची आणि हळू ओढायची. कोरडी ओढली की घासून गरम होते आणि तिथंच मरते. मरळला लाईन थेट बेडकालाच बांधा. शिवड्याला मात्र तारेचा लीडर, म्हणजे ल्युरच्या आधी तारेचा छोटा तुकडा, लागते, त्याचे दात बारीक पण टोकदार, ब्रेडेडचा एकेक धागा कापत जातात.

रील. नव्या माणसाने साधी स्पिनिंग रील घ्यावी, रॉडच्या खाली लटकते ती, 3000 साईज. त्यात स्पूल जागच्या जागी थांबते आणि लाईन गुंडाळणारी वाकडी तार तिच्याभोवती फिरते, घरट्याची भानगड कमी. गिअर रेशो 5 किंवा 6 च्या आसपास असू द्या. 6.2 लिहिलं म्हणजे हॅंडलचा एक फेरा आणि लाईन गुंडाळणाऱ्या भागाचे सहा फेऱ्यांहून थोडे जास्त, पुलीचंच गणित आहे. 'बारा बेअरिंग' वगैरे वाचून खुळावू नका, स्वस्तातल्या बारापेक्षा चांगली चार बरी. शिमानो, दायवा, ओकुमा यांच्या खालच्या रेंजमधल्या रीली गावच्या कामाला पुरतात. दुकानात हातात घेऊन हॅंडल आणि बॉडीमधला ढिलेपणा बघा, ड्रॅग, म्हणजे मासा ओढेल तेव्हा लाईन हळूहळू सोडणारा ब्रेक, घट्ट करून लाईन ओढून बघा, झटके देत सुटली तर ठेवून द्या, सुळसुळीत सुटली पाहिजे. रॉड सात फूट, मिडियम हेवी, टोक फार लवचिक नको.

लाईन भरताना तुम्ही वाइंडिंगवाल्याचं ऐका. ब्रेडेड सरळ स्पूलवर बांधली तर अख्खी लाईन स्पूलवर घसरते, तुम्हाला वाटते ड्रॅग खराब आहे. आधी खाली थोडी नायलॉन गुंडाळा, तिच्यावर ब्रेडेड. ओल्या फडक्यात धरून, ताण देऊन भरा, ढिली भरली की पुढच्या फेकीला आतले वेढे वर येऊन गुंता. काठोकाठ भरू नका, दोन-तीन मिलीमीटर जागा सोडा. आणि फेकून झाल्यावर रीलची ती वाकडी तार हॅंडल फिरवून नाही, हाताने बंद करा, लाईनला पीळ कमी पडते.

पाच हजारात हिशोब सांगायचा तर रॉड आणि रील मिळून साडेतीनच्या आत बसवा, हजारभराची चांगली लाईन, उरलेल्यात दोन बेडूक. डबा भरून ल्युर घेणारे माझ्याकडे बी येतात, वर्षभर त्यातले दोनच ओले होतात.

आता सामानाच्या बाहेरचं, पण याच्याशिवाय सामान कामाचं नाही. तलाव बहुतेक ठिकाणी मच्छिमार सहकारी संस्थेला लीजवर दिलेला असते, बीज त्यांनी सोडलेलं असते. विचारल्याशिवाय जाऊ नका. मी पहिल्यांदा तसाच गेलो होतो, चार माणसांनी घेरलं आणि बरोबरच केलं. नंतर चहा घेऊन गेलो, नियम विचारले, आता तेच फोन करून सांगतात कुठं वलयं उठून राहिली. नवेगाव, पेंच, ताडोबा या जंगलांच्या आतल्या पाण्यात तर गरी काढूच नका, तो सरळ वन्यजीव कायद्याचा मामला आहे.

पावसाळ्यात धानाच्या बांध्यांना पाणी लागलं की मरळ पिल्लं घालते. लालसर पिल्लांचा गोळा पाण्यावर खदखदताना दिसेल, त्याच्याखाली आई-बाप राखणीला असतात आणि भुकेने नाही, रागाने कशावरही तुटून पडतात. बेडूक टाकला की पहिल्याच फेकीत येतात. तिथं टाकू नका भाऊ. जोडी गेली की तो गोळा त्याच दिवशी बाकीच्या माशांच्या पोटात जाते.

आणि तुटलेली लाईन पाळीवर टाकून येऊ नका. नायलॉन मांज्याने काय होते ते नागपूरवाल्यांना विचारा, इथं तर गोंदिया-भंडाऱ्याकडे मोजके सारस उरलेत, ते याच तलावांवर आणि धानात फिरतात. खिशात घाला, घरी आणा.

तुमच्या तलावात कमळ आहे की शिंगाडा ते लिहिलं नाही तुम्ही. कमळ असेल तर वरचं सगळं जसंच्या तसं करा. शिंगाड्याचा वेल लावलेला असेल तर तो भाग सोडून उघड्या पाण्यात मऊ रबरी मासा टाका, बेडूक नको, कारण ते कोणाचं तरी पीक आहे आणि ब्रेडेड लाईन ओढली की वेल मुळासकट हातात येते.