वळ्यांचा वाडगा शिकवताना

पहिल्या तासाला मुलांना नुसत्या वळ्याच (ओल्या मातीच्या लांब, गोल दोऱ्या; त्या एकावर एक रचून वाडगा होतो) वळू द्या. करंगळीएवढी जाडी पुरे. उघड्या तळव्याने लाटायला सांगा. बोटांनी दाबली की वळी चपटी होते. तळ साधारण 8 मिलिमीटर जाड ठेवा. वळी बसवण्याआधी दोन्हीकडे ओरखडे काढून पातळ चिखल लावायचा, पाणी नव्हे. मग बाहेरून एका हाताचा आधार देऊन आतून अंगठ्याने वरच्या वळीची माती खालच्या वळीवर ओढायची, सांधा पुरता मिटेपर्यंत. मुलं बाहेरचं गुळगुळीत करतात नि आतलं विसरतात (हे होणारच!), वाळताना भेग नेमकी तिथे जाते. वाडगा फार पसरायला लागला तर पुढची वळी किंचित आत बसवा. तीन-चार वळ्यांनंतर थोडं सुकू द्या, नाहीतर भिंत बसते. कड मात्र ओल्या फडक्याने झाकलेली हवी.