वाचकांचे प्रश्न: ४५ची सवय घेऊन ग्रँड कॅन्यनला

प्रश्न: आम्ही भुसावळचे. मुलगा फिनिक्सला आहे, जूनमध्ये मी, सौ. आणि धाकटी मुलगी त्याच्याकडे जातोय, सून आणि नऊ वर्षांचा नातू धरून सगळे गाडीने ग्रँड कॅन्यन, झायन, ब्राइस हे तिकडचे नॅशनल पार्क करायचं ठरलंय. मला ग्रँड कॅन्यनच्या तळाशी नदीपर्यंत उतरून त्याच दिवशी वर यायचंय पण मुलगा ठाम नाही म्हणतो. मी रिटायर असलो तरी रोज सकाळी पाच किलोमीटर चालतो, तोरणमाळ, पाटणादेवी सगळं पायी फिरलोय, आणि मे महिन्यात ४५ मध्ये राहणारी माणसं आपण, मित्र तर हसतात, काय भो, वाळवंटाला घाबरतो का. तुमचं मत सांगा.

उत्तर: काका, मी तुमच्या मुलाच्या बाजूची आहे, हे आधीच सांगून टाकते.

आपण ४५ सहन करतो असं म्हणतो खरं, पण करतो का? भुसावळला मे महिन्यात दुपारी बारा ते चार रस्त्यावर कोण दिसतं सांगा बरं. दुकानाचं शटर अर्धं खाली, घरात कूलर, बाहेर पडावंच लागलं तर कानापर्यंत रुमाल बांधून, ताक पिऊन, आणि तेसुद्धा काम उरकून लगेच परत. म्हणजे आपल्याला ऊन सोसायची नाही, ऊन टाळायची सवय आहे, आणि ती फार चांगली सवय आहे, तीच घेऊन जा. कॅन्यनमध्ये मधेच दुपार झाली तर शिरायला घर नसतं, तापलेल्या दगडाच्या भिंतीला धरून चढतच राहावं लागतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आपला कुठलाही गड आधी चढायचा असतो, दम लागला की माणूस तिथूनच मागे फिरतो आणि उतार आपोआप खाली आणतो. कॅन्यनचं बरोबर उलटं. सकाळी गार हवेत, ताज्या पायांनी तुम्ही मजेत उतरता, काहीच त्रास होत नाही म्हणून अजून थोडं, अजून थोडं करत जाता, आणि खरी चढण सुरू होते ती दमल्यावर, पाणी संपत आल्यावर, भर उन्हात. साऊथ रिम म्हणजे वरची कड साधारण २१०० मीटर उंचीवर आहे आणि तिथून नदी जवळपास १३०० मीटर खाली. तोरणमाळची समुद्रसपाटीपासूनची उंचीसुद्धा एवढी नाही. त्यात जूनमध्ये कडेवर २७-२८ डिग्री असतं तेव्हा तळाशी ४० च्या आसपास, तेही सावलीत मोजलेलं. वरच्या गारव्याला भुलून माणूस उतरतो तो इथे फसतो. म्हणून पार्कवाले स्वतःच सांगतात की नदीपर्यंत जाऊन एका दिवसात परत यायचा प्रयत्न करू नका, मे ते सप्टेंबर तर नाहीच, आणि उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार खालच्या वाटांवर चालू नका. त्यांचा साधा हिशोब असा की उतरायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट चढायला धरायचा.

मग काय करायचं? उजाडताना ब्राइट एंजल ट्रेलने दीड मैलावरच्या रेस्टहाऊसपर्यंत उतरा, म्हणजे अडीच किलोमीटरच्या जरा आत, आणि मागे फिरा. तेवढ्यातही साधारण ३४० मीटर चढून यावं लागतं, तुमची हौस पुरी होईल. तिथे नळ आहे पण पाइपलाइन जुनी आहे, वरचेवर फुटते, त्यामुळे नळाला पाणी आहे का हे आदल्या दिवशी विचारायचं आणि तरी बाटल्या वरूनच भरून न्यायच्या. साऊथ कायबाब ट्रेलचा ऊ-आह पॉइंट अजून जवळ, जाऊन येऊन तीन किलोमीटर, नजारा फार भारी, पण त्या वाटेवर पाण्याचा थेंब नाही. सौ.ना गुडघ्यांचा त्रास असेल तर त्यांनी उतरायचंच नाही, कडेकडेने रिम ट्रेल आहे, बराचसा सपाट, मधे मधे पार्कच्या फुकट बस थांबतात, वाटेल तिथे चढा वाटेल तिथे उतरा. बीपीची गोळी असेल तर निघायच्या आधी डॉक्टरांशी बोला, कारण ब्राइसची कड २४०० ते २७०० मीटरवर आहे, तिथे सपाटीलाही धाप लागते.

ब्राइसला नातवाला क्वीन्स गार्डन आणि नवाहो लूप या दोन वाटा जोडून फिरवा, पाचएक किलोमीटर. ते लाल-केशरी दगडी सुळके जवळून बघण्यासारखे आहेत, भेगेत पाणी शिरतं, रात्री त्याचा बर्फ होऊन फुगतो, दिवसा वितळतो, असं वर्षातून कितीतरी वेळा होऊन दगड फुटत फुटत तसे उभे राहिलेत. आपला अजिंठ्याचा काळा बेसाल्ट लाव्हाचा आहे, हे तळ्यात साचलेल्या गाळाचे दगड, हाताला लगेच फरक कळतो.

प्रश्न: उन्हात चालताना फक्त पाणी पीत राहिलं की झालं ना? आणि इथून खायला काय न्यावं? (चाळीसगाव)

उत्तर: नाही, फक्त पाणी नको. तिकडची हवा इतकी कोरडी की घाम अंगावर दिसतच नाही, जागच्या जागी वाळतो, शर्टावर नुसते मिठाचे पांढरे डाग राहतात. मीठ गेलेलं असताना नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम पडतं, मग मळमळ, डोकं दुखणं, गोंधळल्यासारखं होणं, आणि लोकांना वाटतं पाणी कमी पडलं म्हणून अजून पाजतात. दर थांब्यावर खारं काहीतरी खायचं. खारे शेंगदाणे, शेव, चिवडा, आपले बिबडे भाजून मोडून डब्यात, आणि लिंबू-मीठ-साखर किंवा ओआरएसची पाकिटं. ताजी फळं, भाजी, बियाणं मात्र इथून नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात, आणि बाकी जे खायचं सामान असेल ते विचारल्यावर सरळ सांगायचं.

चिवडा उघड्यावर खाताना खारींपासून सांभाळा. ग्रँड कॅन्यनच्या खारी एवढ्या धीट झाल्यात की पिशवीत तोंड घालतात आणि खायला द्यायला हात पुढे केला की कडकडून चावतात, पोरांना आधीच दम देऊन ठेवा.

आणि गाडी असेल, एक दिवस जास्त असेल तर कॅपिटल रीफ हा पार्कही करा. तिथे फ्रूटा नावाच्या जागी जुन्या वसाहतीच्या फळबागा पार्कने जपल्यात, ज्या बागेत तोडणी चालू असेल तिथे झाडाखाली उभं राहून खाल्लं तर पैसे नाहीत, घरी न्यायचं तर वजन करून द्यायचे. केळीवाल्या गावच्या माणसाला वाळवंटातली ती हिरवळ बघून फार बरं वाटेल.

प्रश्न: आम्हाला सुट्टी ऑगस्टमध्येच मिळते. तेव्हा तिकडेही पाऊस असतो म्हणे, मग गारवा असेल ना? (धुळे)

उत्तर: पाऊस असतो, गारवा फारसा नाही, आणि धोका वेगळाच. जुलै ते सप्टेंबर तिकडचा मान्सून, दुपारी ढग भरून येतात आणि कुठेतरी लांब पठारावर धो धो कोसळतात. खडकात पाणी मुरत नाही, सगळं अरुंद घळीत घुसतं. डोक्यावर निळं आभाळ असताना लोंढा येतो. पांझरेचं पाणी बघितलेल्यांना हे वेगळं सांगायला नको, वर पाऊस झाला की खाली पूर. १२ ऑगस्ट १९९७ ला लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये असाच लोंढा येऊन ११ जण गेले. आता तिथे नवाहो, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी जमातीच्या, गाईडशिवाय सोडत नाहीत, ते बरंच आहे.

झायनच्या नॅरोजमध्ये नदीतूनच चालायचं असतं, तिथे जायच्या आधी त्या दिवशीचा पुराचा अंदाज व्हिजिटर सेंटरला बघायचा, रेंजर नको म्हणाले तर वाद घालायचा नाही. पाणी अचानक गढूळ झालं, काड्या-पाला वाहून यायला लागला की मोबाइल काढून व्हिडिओ करत बसू नका, उंचावर चढा. पोरं लहान असतील तर अलीकडचा रिव्हरसाइड वॉक पुरे, साडेतीन किलोमीटर जाऊन येऊन, पक्की वाट.

प्रश्न: या पार्कांचा पास किती डॉलरचा? आणि नॉर्थ रिम, साऊथ रिम दोन्ही एका दिवसात होतं का? (नंदुरबार)

उत्तर: २०२६ पासून पाहुण्यांचे दर वाढलेत. तिथे राहणाऱ्यांना वार्षिक पास ८० डॉलर, बाहेरच्यांना २५०, आणि पास नसेल तर ग्रँड कॅन्यन, झायन, ब्राइस अशा ठरावीक ११ पार्कांत १६ वर्षं किंवा त्यावरच्या परदेशी माणसाला नेहमीच्या तिकिटावर आणखी १०० डॉलर. तुमच्या गाडीत कोण तिथला, कोण इथला ते बघून पार्कच्या वेबसाइटवर हिशोब करा.

दोन्ही रिम एका दिवसात करू नका. समोरासमोर १६ किलोमीटर दिसतात पण गाडीने वळसा साडेतीनशेच्या आसपास पडतो. नॉर्थ रिम हिवाळ्यात बंद असते आणि तिथलं जुनं लॉज २०२५ च्या वणव्यात जळालं, म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यांनी साऊथच करावी. पेट्रोल अर्धं झालं की भरायचं, मॅप ऑफलाइन उतरवून ठेवायचा, रेंज मैलोनमैल नसते. अँटिलोपचं बुकिंग असेल तर वेळ विचारून ठेवा, उन्हाळ्यात अमेरिकेत बहुतेक ठिकाणी घड्याळ एक तास पुढे करतात, अ‍ॅरिझोना करत नाही पण तिथल्याच नवाहो भागात करतात, मोबाइल मधेच एक तास उडी मारतो आणि तिकीट वाया जातं.