बाजार समितीची फीवाढ आणि शेतकऱ्याची पट्टी

प्रश्न : आमच्या बाजार समितीने बाजार फी वाढवण्याचा प्रस्ताव मांडला असून तोलाईचे, म्हणजे माल तोलण्याच्या मजुरीचे, दरही वाढणार असल्याचे ऐकतो. हा सगळा बोजा शेवटी आमच्याच पट्टीतून (माल विकल्यावर मिळणाऱ्या हिशेबाच्या पावतीतून) कापला जाईल अशी भीती वाटते. समितीला हवा तो दर लावता येतो का?
– एक कांदा उत्पादक, नाशिक जिल्हा

उत्तर : नाही. महाराष्ट्र कृषी उत्पन्न पणन (विकास व विनियमन) अधिनियम, 1963 मधील कलम 31 नुसार बाजार फीचा दर समिती ठरवते, परंतु तो राज्य शासनाने अधिसूचित केलेल्या किमान व कमाल मर्यादेतच असावा लागतो. शिवाय ही फी शेतमालाच्या खरेदीदाराकडून घ्यायची असते. आपल्या पट्टीवर बाजार फीच्या नावाने कपात आढळली, तर पट्टीची प्रत जोडून समितीच्या सचिवांकडे आणि सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे लेखी तक्रार करावी. हमाली व तोलाईचा हिशेब मात्र वेगळा आहे. त्या रकमा पट्टीत स्वतंत्रपणे दाखवल्या आहेत का, हे पाहावे. तरीही आपली भीती निराधार नाही, कारण लिलावात बोली लावताना खरेदीदार फीचा भार मनाशी धरतोच.

वाढीव पैसा कशावर खर्च होणार, हा खरा प्रश्न आहे. पंजाब व हरियाणात बाजार फी शंभर रुपयांमागे दोनवरून तीन रुपये झाली, तेव्हा केवल कृष्ण पुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1979 मध्ये ती वाढ रद्द केली. बाजार समित्यांचा पैसा फरीदकोटच्या वैद्यकीय महाविद्यालयाला देणगी म्हणून दिला जात होता; महाविद्यालय कितीही उपयुक्त असले, तरी फी भरणाऱ्यांना बाजारात मिळणाऱ्या सेवेशी त्याचा संबंध नाही, असे न्यायालयाने मानले. पुढे 1983 च्या श्रीनिवास जनरल ट्रेडर्स खटल्यात, फी आणि सेवा यांचा मेळ पैशापैशाने जुळण्याची गरज नसल्याचे सांगून ही कसोटी बरीच सैल करण्यात आली. म्हणून केवळ दर वाढला एवढ्यावर न्यायालयात जाणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

त्याऐवजी माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करून मागील काही वर्षांचा जमाखर्च व लेखापरीक्षण अहवाल मागवावा. लिलावाचे शेड, काँक्रीटचा ओटा, पिण्याचे पाणी, तपासलेले वजनकाटे यांवर किती खर्च झाला, हे त्यातून कळेल. प्रस्ताव मंजूर होण्यापूर्वीच हे आकडे संचालक मंडळातील शेतकरी प्रतिनिधींपुढे लेखी निवेदनासह ठेवावेत.