निवृत्त शिक्षक आहे. तुरुंगातल्या कैद्यांना सुटकेनंतरच्या आयुष्यासाठी तयार करायचं काम करावंसं वाटतं. माझ्यासारख्याचा खरंच उपयोग होईल का?

नक्की होईल, फक्त प्रवचन द्यायला जाऊ नका. चांगलं वागा, रागावर ताबा ठेवा, हे त्यांनी बाहेरून येणाऱ्यांच्या तोंडून पुष्कळदा ऐकलेलं असतं. मी काही वर्षं एका संस्थेबरोबर आमच्या जिल्ह्यातल्या कारागृहात जातो. माझ्या मते सुटकेची तयारी म्हणजे सुटल्यानंतरच्या पहिल्या आठवड्याची तयारी.

यूपीआय आलं 2016 मध्ये. त्याआधी आत गेलेल्या माणसाला टपरीवर चहाचे पैसे कसे द्यायचे इथपासून सुरुवात करावी लागते. मोबाईल आत नेता येत नाही, म्हणून आम्ही पुठ्ठ्यावर फोनचा पडदा काढतो: इथे रक्कम, इथे पिन, पिन कुणालाही सांगायचा नाही. साठीच्या पुढच्या एका पक्क्या, म्हणजे शिक्षा झालेल्या, कैद्याने तो अख्खा पुठ्ठा वहीत उतरवून घेतला, पिनच्या जागी फुल्या मारून, आणि पुढच्या वेळी आपल्या बराकीतल्या दोघांना समजावून सांगत बसला होता. रेशनकार्डावरून नाव कमी झालेलं असतं, आधारला जोडलेला नंबर कधीच बंद पडलेला असतो. तुम्ही शिक्षक आहात ना, मग अर्ज लिहायला शिकवा. त्याची गरज फार आहे.

त्याहून अवघड असतं घरी पत्र लिहिणं. कैदी बायकांच्या बाबतीत तर अनेकदा माहेर-सासर दोन्हीकडून भेटीला येणं थांबलेलं असतं. मूल सहा वर्षांचं होईपर्यंत आईजवळ आत राहू शकतं, नंतर ते नातेवाइकांकडे किंवा बालगृहात जातं. सुटल्यावर त्या मुलाला भेटायचं कसं, काय बोलायचं, याची चर्चा तासभरात संपत नाही. इथे सल्ला देऊ नका, ऐका.

आणखी एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. 2022 अखेर देशातल्या तुरुंगांत सुमारे 5 लाख 73 हजार माणसं होती, त्यांतले जवळपास 76 टक्के कच्चे कैदी, म्हणजे खटला अजून न संपलेले. त्यांना सुटकेची तारीख नसते. जामिनाचा कागद पोचला की संध्याकाळी नाव पुकारलं जातं आणि माणूस रात्री गेटबाहेर, कधी गाडीभाड्यालाही पैसे नसताना. तीन महिन्यांचा अभ्यासक्रम त्यांच्या काय कामाचा? त्यांच्यासाठी प्रत्येक तास त्या दिवसापुरता पूर्ण हवा. जामीन मंजूर होऊनही जामीनदार नाही म्हणून अडकलेला कुणी भेटला, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायला लावा, वकील मोफत मिळतो.

एकट्याने परवानगी मागत फिरू नका, आधीपासून काम करणाऱ्या संस्थेबरोबर जा. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प 1990 पासून हे काम करतोय. तिथे प्रशिक्षित समाजकार्यकर्ते आहेत, आणि त्यांच्यासारख्यांकडून शिकूनच आत जावं असं मला मनापासून वाटतं. गुन्हा काय केला हे विचारायचं नाही, कुणाची चिठ्ठी बाहेर न्यायची नाही, स्वतःचा नंबर द्यायचा नाही. तुमच्या भागात संस्था सापडत नसेल तर जिल्हा परिविक्षा अधिकाऱ्यांना (प्रोबेशन ऑफिसरना) भेटा. सुटून आलेल्यांच्या पुनर्वसनाचं काम त्यांच्याकडेच असतं, आणि आत जायची परवानगी मिळेपर्यंत बाहेर आलेल्या एखाद्याबरोबर तहसील कचेरीत जाऊन त्याचं रेशनकार्ड करून देणं तुम्ही लगेच सुरू करू शकता.