तळपायांची आग आणि न कळणारा खडा

ताई, तुम्ही लिहिलंय की आईंना पंधरा वर्षांपासून शुगर आहे, रात्री तळपायांची आग होते, पायावर चादरही सोसत नाही आणि दुखण्याच्या गोळ्यांनी फरक पडत नाही. माझी ६ वर्षांपूर्वी हीच गत होती.

नेहमीच्या गोळ्या सूज-दुखीच्या. इथे शुगरमुळे नसच दुखावलेली असते, म्हणून त्या लागू पडत नाहीत आणि रोज घेतल्या तर किडनीला त्रास होतो. यावर प्रीगाबालिन, गाबापेंटिन, ड्युलॉक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन अशी वेगळी औषधं देतात. शेवटची दोन नैराश्यावरही देतात, त्यामुळे कुणी काही म्हणालं तर आईंना आधीच समजावून ठेवा. डोस कमीपासून हळूहळू वाढवतात, २-३ आठवडे धीर धरावा लागतो. सुरुवातीला गुंगी येते, रात्री बाथरूमला उठतील तेव्हा सोबत असा. शुगरची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं चालू असेल तर रक्तातलं बी-१२ जीवनसत्त्व नक्की तपासा, ते कमी झालं तरी नसा बिघडतात, शाकाहारी असतील तर जास्तच गरजेचं.

सर्वांत लांब नसा आधी बिघडतात, म्हणून हे दोन्ही पायांच्या बोटांपासून सुरू होऊन मोजा चढवावा तसं वर सरकतं. एकाच पायात असेल तर कंबरेची नस दबलीय का, तेही बघावं लागतं.

पण मला खरी काळजी आगीची नाही, बधिरपणाची वाटते. औषधाने आग शमते, नस त्याने बरी होत नाही. डॉक्टरांनी मला डोळे मिटायला लावून तंगुसासारखा एक नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवला. मी वाट बघत होतो. शेवटी विचारलं, "कधी सुरू करताय?" शेजारी बसलेल्या बायकोचे डोळे भरले, कारण तोवर अंगठ्याला चारदा लावून झालं होतं. तो तंतू वाकतो तेव्हा १० ग्रॅमचा दाब पडतो. तेवढाही ज्याला कळत नाही, त्याला चपलेतला खडा कळत नाही, गरम पाण्याच्या पिशवीने आलेला फोडही नाही. ही तपासणी आईंची याच आठवड्यात करून घ्या. शेक बंद, अनवाणी चालणं बंद, देवळाच्या तापलेल्या फरशीवरसुद्धा.

मी रोज रात्री जमिनीवर आरसा ठेवून दोन्ही तळवे बघतो. परवा टाचेच्या भेगेत रक्त दिसलं. दुखलं अजिबात नव्हतं. सकाळीच जाऊन ड्रेसिंग करून आलो.